साडेचार इंची भिंत आणि तारांचे चार संच

दोन फेब्रुवारी, रविवार, दुपारचे तीन. स्थळ लातूर, क्लासेसच्या गल्लीतल्या एका तीनमजली घराचा दुसरा मजला. रक्कम एक हजार नऊशे साठ रुपये, गिटारीच्या तारांच्या चार संचांची, आदल्या दिवशी नांदेडला रोख दिलेली. हजर: मी, माझी बायको, आमची बारावीतली मुलगी, घरमालकीणबाई, औशाचे आणि किल्लारीच्या बाई.

शेवटच्या दोघांची नावं मला माहीत आहेत, पण त्या घरात ती कुणी वापरत नाही. मुलाला डॉक्टर करायला लातूरला आलेल्या माणसाचं नाव जिन्याखालीच राहतं, वर फक्त गाव येतं. आम्ही 'नांदेडवाले'. मुलांचंही तसंच, फक्त त्यांना गावाऐवजी गुण असतात. 'पाचशे ऐंशीवाली आली का गं जेवून?' असं विचारलं की कोण ते सगळ्यांना कळतं.

आमची त्या वेळी पाचशे बेचाळीसवाली होती.

व्यवस्था अशी होती. बायको आणि मुलगी लातूरला खोली घेऊन राहायच्या. मी नांदेडला राहून रोज नायगावच्या कचेरीत जायचो आणि रविवारी सकाळच्या बसने, लोहा-अहमदपूर करत, साडेतीन तासांनी लातूरला पोचायचो. कचेरीत माझं काम हिशेब तपासण्याचं. दुसऱ्यांच्या चुका शोधून त्यावर आमचं घर चालतं, त्यामुळे स्वतःच्या चुका शोधायला वेळ मिळत नाही. खोलीचं भाडं साडेसहा हजार. मुळात ती एक मोठी खोली होती. घरमालकीणबाईंनी मधोमध साडेचार इंची विटेची भिंत घालून तिच्या दोन केल्या आणि दोन्हींना पूर्ण खोलीचं भाडं लावलं. तिला भिंत म्हणणं मला जड जातं. भाडं दुप्पट करण्यासाठी ओढलेली ती रेघ होती. रेघेच्या अलीकडे आम्ही, पलीकडे औशाचे आणि त्यांचा मुलगा.

मुलगी संध्याकाळी सात ते साडेसात गिटार वाजवायची. दिवसभरात तिने स्वतःसाठी मागून घेतलेला तेवढाच अर्धा तास. जूनपासून डिसेंबरपर्यंत, म्हणजे सात महिने, कुणी एका शब्दाने तक्रार केली नाही. तक्रार सुरू झाली जानेवारीत, आणि तिचं मूळ मी होतो.

डिसेंबरात तिचा वाढदिवस झाला. बापाने काहीतरी द्यावं म्हणून मी नांदेडच्या जुन्या बाजारातल्या वाद्यांच्या दुकानात गेलो. दुकान चाचांचं. ढोलकीला शाई भरण्यापासून लग्नाच्या बँडचे पोचे काढण्यापर्यंत सगळं तिथे होतं. चाचांनी साडेतीनशेचा एक संच काढून दिला, म्हणाले, खणखणीत आहे. खणखणीत म्हणजे चांगलं, एवढीच माझी संगीताची इयत्ता. जुन्या तारा दीड वर्षाच्या, काळ्या पडलेल्या, आवाज गेलेल्या. मुलीने त्या काढून टाकल्या, नव्या लावल्या, आणि पहिल्याच आठवड्यात औशाच्यांच्या मुलाचे साप्ताहिक परीक्षेत अडतीस गुण कमी झाले.

औशाचे हे मार्केट यार्डात आडतीवर बसणारे गृहस्थ. सोयाबीनचा ओलावा मुठीत धरून सांगतात. गुण कमी होण्याचं कारण त्यांनी तेवढ्याच खात्रीने सांगितलं. ते शनिवारी यायचे, सोमवारी पहाटे जायचे, आणि मधल्या वेळात घरमालकीणबाईंच्या ओट्यावर बसून अडतीस गुणांचं काय झालं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. तीन आठवडे हे ऐकल्यावर बाईंनी माझ्या बायकोला निरोप दिला: फेब्रुवारीअखेर एक तर गिटार जाईल, नाही तर खोली.

बायकोने फोनवर मला ते सांगितलं आणि पुढे हेही सांगितलं की पोरगी म्हणतेय, गिटार नांदेडला गेली तर मी पण जाईन.

मी म्हणालो, धमकी देतेय.

"धमकी द्यायची असती तर ओरडली असती," बायको म्हणाली. "तिने तर बॅग कुठं ठेवलीय तेवढं विचारलं."

आता जे खरं आहे ते लिहायला हवं. गिटार नांदेडला जावी, असं मलाही वाटत होतं. परीक्षा मे महिन्यात. रोजचा अर्धा तास म्हणजे तीन महिन्यांत पंचेचाळीस तास, आणि पंचेचाळीस तासांत वनस्पतिशास्त्राची किती उजळणी होते हे मी एका कागदावर मांडून ठेवलं होतं. तो कागद मुलीला दाखवायची हिंमत नव्हती, म्हणून मी जास्त सभ्य मार्ग काढला. तो असा: जिचा आवाज भिंतीपलीकडे जात नाही अशी तार शोधायची. रीतसर चाचणी घ्यायची. अशी तार मिळाली तर प्रश्न मिटला. नाही मिळाली, आणि मिळणार नाही याची मला बरीचशी खात्री होती, तर गिटार संध्याकाळच्या बसने माझ्याबरोबर, आणि दोष भिंतीचा. बापाचा नाही. सोबत मी गिटारीची रिकामी पिशवीही घडी घालून नेली होती. तिचा उपयोग विचारल्यावर 'धुळीसाठी' असं सांगायचं ठरवलं होतं.

तर एक फेब्रुवारीला मी परत चाचांकडे गेलो आणि सगळ्यात हळू वाजणारी तार मागितली.

चाचांनी चष्मा काढला. "साहेब, चाळीस वर्षं झाले ह्या गादीवर बसून. लोक येतात, म्हणतात आवाज निघंना, काहीतरी करा. निघू नये म्हणून आलेलं पयलं गिऱ्हाईक तुम्हीच."

मी त्यांना भिंतीची जाडी सांगितली. त्यांनी ती अदबीने ऐकून घेतली आणि संच मांडायला सुरुवात केली. पहिला तोच डिसेंबरवाला, साडेतीनशेचा. तारेवरच्या वेढ्यात ऐंशी भाग तांबं, वीस भाग जस्त. तो गिटारीवर होताच, पण दोन महिने वाजलेला. नव्याशी जुन्याची तुलना करणं मला मंजूर नव्हतं, म्हणून तोही नवा घेतला. दुसरा फॉस्फर ब्राँझ, साडेसातशे. चाचांच्या मते ह्याचा आवाज 'गोल'. तिसरा सिल्क अँड स्टील, साडेसहाशे. पोलादाभोवती रेशमाचे धागे आणि वर मुलामा दिलेली तार, आवाज 'मुलायम'. गोल आणि मुलायम ह्या मापांना एकक काय असतं, हे मी विचारलं नाही. पाकिटं चाळताना लक्षात आलं की ह्या तिन्ही संचांत सहापैकी खालच्या दोन बारीक तारा साध्या पोलादाच्याच असतात. म्हणजे फरक चार तारांचा आणि पैसे सहांचे. मी हे चाचांना दाखवलं. ते म्हणाले, "हाव. जोडव्याच्या डब्बीचे पण पैसे लागतातच की."

चौथा संच नायलॉनचा, दोनशे दहा. चाचांनी तो बोटाने मागे सारला. म्हणाले, "ह्या गिटारीला ही बसत न्हाई. तिचं घर वेगळं. जबरी लावली तर बसंल, पण वाजायची न्हाई."

वाजायची नाही, हे ऐकल्यावर मी तो सगळ्यात आधी पिशवीत टाकला.

आता चाचणी. लातुरात राहून परीक्षा घ्यायची तर ती त्या गावच्या रिवाजाने घ्यावी लागते. आमच्या त्या घरात भाजीत मीठ किती हेसुद्धा चार पर्यायांत विचारलं जातं. मी रात्री बसून उत्तरपत्रिका आखली. वाजवण्याच्या पाच पाळ्या, प्रत्येकीसमोर चार गोल: 'काहीच ऐकू आलं नाही', 'ऐकू आलं पण चालेल', 'त्रास झाला', 'असह्य'. काळ्या पेनने गोल पूर्ण भरायचा, खाडाखोड बाद. परीक्षक चार: घरमालकीणबाई, औशाचे, समोरच्या खोलीतल्या किल्लारीच्या बाई आणि मी. जागा औशाच्यांची खोली, भिंतीपलीकडे. आमच्या खोलीत मुलगी वाजवणार आणि बायको देखरेख करणार. कोणता संच कितव्या पाळीला, हे बायकोने चिठ्ठ्या काढून ठरवायचं आणि कुणाला सांगायचं नाही. तार बदलून झाली की तिने मला मिस्ड कॉल द्यायचा. तो आला की दोन मिनिटं सगळ्यांनी गप्प बसून ऐकायचं.

संच चार आणि पाळ्या पाच का, हे कुणी विचारलं नाही. गणिताचे गुण मुलांचे बघायचे असतात, स्वतःचे नाही. पाचव्या चिठ्ठीवर काहीच नव्हतं. त्या पाळीला मिस्ड कॉल येणार, दोन मिनिटं जाणार आणि मुलगी गिटारीला हातही लावणार नव्हती. तो सापळा औशाच्यांसाठी होता. गिटार घरी न्यायची माझी इच्छा होती हे खरं, पण ती आडतीवरच्या माणसाच्या थापेवरून न्यायची नव्हती. तपासणीत खोटं बिल मंजूर केल्यासारखं झालं असतं ते. बायकोला मी एवढंच सांगितलं होतं की त्या पाळीच्या आधीही तारा बदलायला लागतात तेवढा वेळ थांब, नाही तर कळेल.

मुलीला मी बजावलं की रोज वाजवतेस तेच आणि तेवढ्याच जोराने वाजव, मुद्दाम हळू नको.

"पप्पा, मी कशाला हळू वाजवीन?" तिने विचारलं. "मला काय, न ऐकू येणारी गिटार पाहिजे का?"

मला तीच पाहिजे होती, पण हे बोलण्याची ती वेळ नव्हती.

तर तीन वाजता आम्ही चौघं औशाच्यांच्या खोलीत बसलो. त्यांचा मुलगा नव्हता. रविवारची परीक्षा दीडला सुटली की तो जेवून परस्पर अभ्यासिकेत जातो, असं औशाचे म्हणाले. मग खोलीत कधी असतो, असं किल्लारीच्या बाईंनी विचारलं. "रात्री. झोपायला," ते म्हणाले आणि पेन झटकून बघू लागले. किल्लारीच्या बाईंनी सोबत आणलेल्या लसणाच्या पाती निवडायला घेतल्या.

पहिला मिस्ड कॉल आला. दोन मिनिटं आम्ही ऐकलं. आवाज भिंतीतून येत होता म्हणणं कमी होईल, भिंत मध्ये होती हेच जाणवत नव्हतं. नवं स्टीलचं ताट फरशीवर टेकवताना जसं वाजतं तसा प्रत्येक सूर, आणि मागचा संपायच्या आत पुढचा. ही साडेतीनशेची, मी मनात म्हटलं, आणि 'त्रास झाला' समोरचा गोल भरला. औशाच्यांनी 'असह्य' इतक्या जोराने भरला की कागदाला मागून फोड आला.

मग तारा बदलण्याची पहिली मधली सुट्टी. तार सैल करणं, खुंटी उपटणं, नवी घालणं, पिळणं, सुरात आणणं, हे सहा वेळा. पंचवीस मिनिटं जातील, असं मी धरलं होतं. ह्यातली गोम तेव्हाच लक्षात आली. दोन आवाजांची तुलना करायची आणि मध्ये पंचवीस मिनिटं औशाच्यांकडून तुरीचे भाव ऐकायचे, म्हणजे कान कशाची कशाशी तुलना करणार? पण परीक्षा सुरू झाल्यावर प्रश्नपत्रिकेवर बोलायचं नसतं. घरमालकीणबाईंनी चहा मागवला. पंचवीसची पंचेचाळीस मिनिटं झाली. पलीकडून बायकोचा आणि मुलीचा हलका वाद ऐकू येत होता, शब्द नाहीत. नंतर कळलं की ती नायलॉनची चिठ्ठी होती. टोकाला गाठी मारून मारून ती खुंटीत अडकवावी लागली आणि अडकली तर सैल पडत राहिली.

दुसरा मिस्ड कॉल आला. दोन मिनिटं मी श्वास रोखून बसलो. काही नाही. कुठेतरी खूप लांब टक, टक, असं काहीतरी, पण ते त्या घरात नेहमीच कुठेतरी असतं. मी ओळखलं, हीच रिकामी पाळी. मनात हसलो, 'काहीच ऐकू आलं नाही'चा गोल नीट भरला आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून औशाच्यांकडे पाहिलं. ते 'असह्य' भरत होते. सापडले.

पंचवीस मिनिटांनी तिसरी पाळी. आता राहिले तीन, मी हिशेब केला: नायलॉन, रेशीमवाली आणि ब्राँझ. कान भिंतीला लावल्यासारखा बसलो. आणि मला ऐकू आलं. फार बारीक, भिंतीच्या आतून आल्यासारखं, पण तीच धून, सुरुवातीची चार चढती पावलं आणि मग जिथे ती जरा थांबते ती जागा. ही नायलॉन, मी ठरवलं. वाजते, पण कशी बेतात. 'ऐकू आलं पण चालेल', गोल भरला. तेव्हा मला जरा वाईटही वाटलं, कारण मग तार सापडली होती आणि पिशवी रिकामी परत न्यावी लागणार होती.

चौथी पाळी रेशमाची, यात शंका नव्हती. शेजारच्या खोलीत कुणीतरी फोनवर आवाज खाली करून बोलावं तशी. पाचवी ब्राँझ. ती पहिल्याइतकीच स्पष्ट होती, पण टोचत नव्हती. तांब्याच्या घागरीत पाणी भरत येतं तेव्हा आवाज जसा जड होत जातो, तशी. आणि पाचव्या वेळी मुलीने धून जिथे नेहमी सोडते तिथे सोडली नाही, पुढे नेली. दोन मिनिटांची वेळ संपल्यावरही वाजवत राहिली. मी घड्याळात पाहिलं, तीन मिनिटं चाळीस सेकंद. कुणी उठलं नाही.

पावणेसहाला सगळे आमच्या खोलीत जमलो. बायकोने चिठ्ठ्या ओळीने मांडल्या, पण उलट्या. उत्तरपत्रिका वाचायचं काम माझं.

आधी औशाच्यांची. पाचही पाळ्यांना असह्य. मी ती सावकाश वाचली, एकेक पाळी वेगळी, आणि मग सगळ्यांसमोर सांगितलं की पाचपैकी एका पाळीला गिटार वाजलीच नव्हती.

औशाच्यांनी पाहण्यासारखा चेहरा केला. "हे बरं न्हाई नांदेडवाले," ते म्हणाले. "माणसाला बोलावून, चहा पाजून असं फसवतेत व्हय?"

"चहा माझा होता," घरमालकीणबाई म्हणाल्या.

मग घरमालकीणबाईंची आणि किल्लारीच्या बाईंची उत्तरपत्रिका चाळली. दोघींनी तिसऱ्या पाळीला 'काहीच ऐकू आलं नाही' भरलं होतं. मला हसू आलं. दोघी एकाच ठिकाणी चुकल्या, नक्कल केली असावी. रिकामी पाळी दुसरी, हे मी सांगणार एवढ्यात बायकोने तिसरी चिठ्ठी उलटली. ती कोरी होती. दुसरीवर नायलॉन लिहिलेलं होतं.

माझी उत्तरपत्रिका अजून वाचायची होती. ती घडी घालून खिशात ठेवली असती तर कुणी मागितली नसती. मी परीक्षा घेणारा, आणि घेणाऱ्याला कुणी गुण विचारत नाही. पण तीस वर्षं लोकांकडून कागद मागून घेतले आहेत. एकदा आपला दाबला की उद्या मागताना हात कचरतो. मी वाचली. दुसरी, नायलॉन: काहीच ऐकू आलं नाही. तिसरी, काहीच नाही: ऐकू आलं पण चालेल.

औशाचे एवढे खूश झालेले मी ना आधी पाहिले, ना नंतर. "म्हंजे मला पण ऐकू आलं आन तुमाला पण," ते म्हणाले. "मग खोटं कोण?"

मी म्हणालो की गुण आपले दोघांचे सारखे आहेत. तुम्ही आधी ठरवून ऐकलंत, मी हिशेब करून ऐकलं.

"न वाजलेलं ऐकू येतंय तुमाला," घरमालकीणबाई मला म्हणाल्या, "आन भिंत माझी पातळ म्हणून सांगून राहिलेत सगळीकडं."

भिंतीबद्दल मी सगळीकडे सांगितलं होतं, हे त्यांना कळलेलं होतं, हे मला तेव्हा कळलं.

मी विषय मूळ प्रश्नावर आणला. म्हटलं, दोघींनाही नायलॉन ऐकू आलं असलं तरी सगळ्यात कमी तेच आलं असणार. मुलगी तशीही नाइलाजाने तयार होईल, तेव्हा तो संच लावून प्रश्न मिटवू. मुलीने माझ्याकडे पाहिलं आणि गिटारीकडे. नायलॉन लावलेल्या गिटारीला ती आठ दिवसांतच हात लावणं सोडून देईल, हे तिला माहीत होतं. मलाही होतं.

घरमालकीणबाईंनी आपली उत्तरपत्रिका माझ्या हातातून घेतली. नायलॉनसमोर त्यांनी 'असह्य' भरलं होतं. 'काहीच ऐकू आलं नाही'चा गोल शोधण्याच्या घाईत मी बाकीचे पाहिलेच नव्हते.

"ते टकटक हाय ना," त्या म्हणाल्या, "मला वाटलं वरची टाकी गळायली. लातुरात टाकी गळायली म्हंजे काय, ते तुम्ही नांदेडवाल्यांना, गोदावरी दाराशी असलेल्यांना, काय सांगायचं. दोन वेळा उठायला झाले. तुमची परीक्षा म्हणून बसले."

मी विचारलं की मग रेशमाची? ती तर मुलायम आहे.

"ती आणखी वाईट. कुणीतरी कुजबुजतंय असं वाटतं. आन घरात कुणी कुजबुजलं की घरमालकिणीला वाटतं, आपल्याबद्दलच."

किल्लारीच्या बाई इतका वेळ लसणाची परात मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्या म्हणाल्या की अर्धवट ऐकू येणारंच वाईट, माणूस कान देऊन बसतो. "शेवटची बरी होती. गिटार हाय म्हणून कळतं. कळलं की माणूस आपल्या कामाला लागतो. आमची पोरगी तर ती वाजली की घड्याळ न बघता पुस्तक मिटून जेवायला उठती."

म्हणजे निकाल असा लागला की ज्या गुणासाठी मी दोन संचांचे आठशे साठ रुपये दिले, तोच गुण त्या घरात दोष ठरला. सगळ्यात हळू तार सगळ्यात जास्त ऐकू येत होती.

औशाचे म्हणाले, शेवटचीसुद्धा असह्य आहे, त्यांनी तसं लिहून दिलंय. घरमालकीणबाईंनी त्यांना विचारलं की साताला तुमचं पोरगं कुठं असतं. ते म्हणाले, मेसमध्ये. "आन तुम्ही?" औशाचे म्हणाले, शनिवार-रविवार इथं. "म्हंजे आठवड्यातून दोन अर्धे तास तुमाला त्रास," बाई म्हणाल्या. "मग त्या वेळी माझ्या ओट्यावर येऊन बसा. तसं पण बसताच."

तेवढ्यावर ते मिटलं. अडतीस गुणांचं काय झालं ते कुणी पुन्हा काढलं नाही. त्यांच्या मुलाचे गुण पुढच्या आठवड्यात आणखी बाराने कमी झाले होते, असं मला नंतर कळलं.

सगळे गेल्यावर मुलीने ब्राँझच्या तारांची लांब राहिलेली टोकं पकडीने कापली. मग दारामागे माझ्या सामानातून डोकावणारी गिटारीच्या रिकाम्या पिशवीची घडी तिने पाहिली. उचलून उघडून पाहिली आणि पुन्हा जशी होती तशी घातली.

"तुम्हाला गिटार घरी न्यायची होती ना?"

मी म्हटलं, हो.

"मग टेस्ट एवढी बरोबर कशाला घेतली? तुमच्याच हातात होती सगळी."

"चुकीची कशी घेतात ते मला येत नाही."

तिने मान हलवली. पंचेचाळीस तासांचा तो कागद माझ्या शर्टाच्या खिशात होता. तो मी तिला दाखवला, कारण आता न दाखवणं हा कागद दाबल्याचाच प्रकार झाला असता. तिने तो शेवटपर्यंत वाचला आणि म्हणाली की वनस्पतिशास्त्राची उजळणी तू धरलास तेवढ्या वेळात होत नाही, जास्त लागतो. मी कुठला आकडा धरायला हवा होता ते तिने पेन घेऊन दुरुस्त करून दिलं. अहो-जाहो सोडून ती मला 'तू' म्हणाली होती, हे तिच्याही लक्षात आलं नाही. लहानपणी म्हणायची. मी सांगितलं नाही. मग मी विचारलं की शेवटच्या पाळीला ती दोन मिनिटांवर का थांबली नाही, नियम ठरला होता. ती म्हणाली, ह्या तारांवर तो पुढचा भाग पहिल्यांदाच नीट लागला, म्हणून जाऊ दिला.

"तो मी ऐकला," मी म्हणालो. "तो खरंच वाजला होता ना?"

"वाजला होता," ती म्हणाली.

साडेसहाला मी बससाठी खाली उतरलो तेव्हा घरमालकीणबाई ओट्यावर होत्या. म्हणाल्या, परवानगी दिली म्हणजे फुकट दिली असं नाही. महिन्याला दीडशे जास्त. मी कशाचे, असं विचारलं. त्या म्हणाल्या, लाईटचे. मी सांगितलं की ही गिटार विजेवर चालत नाही. "मग काय लिहू, गाण्याचे?" त्या म्हणाल्या. "उद्या दुसरं कुणी येऊन विचारंल, पलीकडचा घोरतो त्याचे किती घेता." मी म्हटलं, लाईटचे चालतील, पण पावती हवी. त्यांनी जुन्या कॅलेंडरचं पान फाडून मागच्या बाजूला लिहून दिली, सही केली आणि तारीख घातली. फेब्रुवारी ते मे, चार महिने, दरमहा दीडशे, एकूण सहाशे रुपये, आगाऊ, रोख, घरमालकीणबाईंना.